बंद, पण शांत नाही

“सूनबाई, भट्टी बंद झाली म्हणून पंप बंद करायचा नाही. तेव्हा तर मुळीच नाही!”

सासऱ्यांचं हे वाक्य माझ्या जपात मध्येच येतं. ते अणुवीजकेंद्रात होते, नियंत्रण कक्षात. सासूबाई त्यांना ‘बंबवाले’ म्हणायच्या.

“एवढं शिकून शेवटी पाणीच तापवता ना?” सकाळच्या चहाला त्यांचा हा ठरलेला टोमणा.

“तापवतोच! पण लाकूड न जाळता.” मग बाबा माझ्याकडे वळायचे, कारण दुपारपर्यंत माझं मौन असतं आणि मौनातली सून मध्येच तोडत नाही. “युरेनियमचा अणू फुटतो. त्यातून न्यूट्रॉन सुटतात, ते शेजारचे अणू फोडतात, ते पुढचे. त्याची उष्णता पाणी घेतं. त्या उष्णतेनं दुसऱ्या पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरवते, चक्रामागे जनित्र. की तुझा पंखा सुरू.”

“आणि थांबवायचं कसं, तेही सांगा. तुम्हाला थांबवणं काही मला जमलं नाही,” सासूबाई.

“न्यूट्रॉन गिळणारे दांडे आत सोडायचे. फुटाफूट थांबते. पण फुटलेल्या तुकड्यांची धग उरते, कितीतरी दिवस. पाणी फिरतं ठेवलं नाही तर इंधन वितळेल.”

दुपारी मौन सुटल्यावर मी एकदा म्हटलं, “म्हणजे भट्टी हळूहळू शांत होते.” आम्ही दिवा विझला म्हणत नाही, शांत झाला म्हणतो, तोच शब्द तोंडी आला.

बाबांनी चष्मा काढला. “तुझा दिवा शांत होतो गं. आमची भट्टी नुसती बंद होते. आमच्या नियंत्रण कक्षात तो शब्द मी कुणाला उच्चारू देत नसे. शांत म्हटलं की माणूस पाठ फिरवतो.”

शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरला. “मी गेलो की ही गप्प बसेल. सगळे म्हणतील, शांत आहे. तू पंप चालू ठेव.”

“म्हणजे काय करू, बाबा?”

“सकाळी चहाला भांड तिच्याशी. थोडंसंच. तुझं मौन मला माहीत आहे. मोडावं लागलं तर देवाला माझं नाव सांग.”

मी हो म्हटलं.

ते जाऊन महिना होत आला. सासूबाई खालच्या मजल्यावर, आम्ही वर. त्या रडल्या नाहीत. येणारे-जाणारे म्हणाले, किती शांत आहेत. यांनीही तेच म्हटलं, “आई शांत आहे गं, राहू दे तिला एकटी.” आणि मला ते सोयीचं वाटलं, मौन मोडावं लागणार नव्हतं.

काल सकाळी फुलं द्यायला खाली गेले. सासूबाईंची आंघोळ झालेली, केस ओले. तरी गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं, झाकण थडथडत होतं. मी खुणेनंच विचारलं, हे कुणाला?

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग मोरीकडे. बाबांचा टॉवेल अजून खुंटीला होता.

“चुकून तापलं,” म्हणाल्या, आणि गॅस बंद केला. पाणी मात्र तसंच वाफाळत राहिलं बराच वेळ. मौन होतं म्हणून मी काही बोलले नाही, आणि खाली उभंही राहवेना.

आज पहाटे दिवा लावला. देवाला म्हटलं, मौन सोडत नाही, संध्याकाळकडे सरकवते. बाबांनी तुम्हाला त्यांचं नाव सांगायला सांगितलंय. ज्योत नीट उभी होती. मी तो होकार समजले.

हे अजून झोपलेत. मी चपला हातात घेतल्या, दार ओढलं आणि जिना उतरू लागले. भांडणाची मला सवय नाही. पायरीपायरीवर हळू आवाजात घोकतेय, “आई, तुमच्या चहाला काही चवच नसते हो!”