उलटा वारा

होडीतून आमच्या बेटाच्या धक्क्यावर पाय ठेवला आणि डेल्फिना धापा टाकत तिथेच बसली. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. सेवेरो, म्हणजे माझा नवरा, हसला. "पोरीपेक्षा पिशवी धडधाकट दिसते." मी तिला विरळ हवेवर उतारा म्हणून कोकाच्या पानांचा काढा दिला, प्रवाशांना भाड्याने देतो ती खोली दाखवली आणि बजावलं, "चिंकानाला एकटी जाऊ नकोस. इंकांच्या वेळच्या भिंती आहेत, एका दारातून दुसरं दार निघतं. भलेभले चुकतात."

"दोन्या लिओन्सिया," बाईसाहेब म्हणावं तशा मानाने ती म्हणाली, "अख्खा चिली मी एकटीने पालथा घातलाय."

अर्जेंटिनाची पोर, ती कसली ऐकते! दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला धरधरून परत आली. वाट चुकली, खालच्या दारात पडली, तासभर ओरडत होती, एवढं सांगितलं आणि गप्प झाली. पुढचे तीन दिवस ना खाणं ना बोलणं. ओसरीवर बसून तळ्याकडे बघत राहायची. दवाखान्यातली नर्स येऊन तपासून गेली. तिला काही सापडलं नाही. तळं खवळलेलं, होड्या बंद, त्यामुळे पलीकडे न्यायचीही सोय नव्हती.

"हिचा जीव तिथेच राहिलाय," सेवेरो म्हणाला. "रिकामी बसलीये पोर. जा, घेऊन ये. नाहीतर आठ दिवस काही काढत नाही ही."

हे काम मला सासूकडून आलं. भ्यायलेल्या माणसाचा जीव पडल्या जागी राहतो. त्याच्या अंगावरचा कपडा घेऊन तिथे जायचं, साखर वाहायची, नाव घेऊन तीनदा हाक मारायची. मग मागे न बघता, कुणाशी न बोलता घरी यायचं आणि कपडा त्याच्या अंगावर घालायचा. गावातल्या निम्म्या पोरांचे जीव मी असे घरी आणलेत. फक्त मेलेल्याला हाक मारायची नसते.

माझा विल्मेर जाऊन चार वर्षं झाली. त्या सकाळी दारात उभा राहून म्हणाला होता, "आई, वारा उलटा आहे. राहू का?" मी चुलीपाशी होते. म्हटलं, "काम निघालं की तुझा वारा उलटाच असतो. जा." गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. तीन वर्षं मृतांच्या सणाला त्याचं ताट मांडलं, पावाची बाहुली भाजली आणि तिसऱ्या वर्षी रीतीप्रमाणे कायमचा निरोप दिला. लोकांसमोर दिला. मनातून काही दिला नाही.

डेल्फिनाचं निळं जॅकेट घेऊन मी चिंकानाला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. खालच्या दारात उभं राहिलं की समोर फक्त पाणी दिसतं. तेच पाणी. साखर वाहिली, जॅकेट हातात धरलं आणि हाक मारली, "विल्मेर!"

चुकून नाही. चुकून मारली असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तीनदा मारली.

येताना मागे पावलं वाजत होती, उजवा पाय जरा घासत टाकणारी. तो लहानपणी गाढवावरून पडला होता, तेव्हापासून तसाच चालायचा. मी मागे पाहिलं नाही. रडत होते, आणि लाज सोडून सांगते, मनातून खूश होते.

जॅकेट अंगावर घातल्याबरोबर पोरीने सुपाचा वाडगा ओढला. दोन घोट घेतले आणि आमच्या आयमारा भाषेत म्हणाली, "आई, मीठ कमी आहे."

तिला आयमाराचा एक शब्द येत नव्हता. सेवेरोने चमचा खाली ठेवला.

"कुणाला आणलंस?"

"जेव तू."

"लिओन्सिया, कुणाला आणलंस?"

जेवण झाल्यावर पोर कोपऱ्यातलं फाटकं जाळं घेऊन बसली आणि डाव्या हाताने सांधायला लागली, विल्मेर सांधायचा तसं. मी समोर बसून पोटभर बघितलं. तिच्या खोलीत फोन थरथरत होता, तो मला ऐकू येत होता. मी उठले नाही.

सकाळी मी चूल पेटवत होते. ती दारात उभी राहिली, तोंड तळ्याकडे.

"आई, वारा उलटा आहे. राहू का?"

चार वर्षं मी एकच शब्द जिभेवर धरून बसले होते. राहा. म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सेवेरो तिचा फोन घेऊन आत आला. फोन पुन्हा थरथरत होता. पडद्यावर एका बाईचा फोटो, नाक अगदी डेल्फिनाचं.

"हिची आई," तो म्हणाला. "कालपासून नववा फोन. काय सांगू हिला, तूच सांग."

मी उठले. पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाल गार पडले होते. राहा म्हटलं असतं तर तो राहिला असता. पहिल्यापासून माझं ऐकणारा पोरगा.

"जा," म्हटलं. "जा, बाळा."

पोर पुन्हा रिकामी होऊन कलली आणि सेवेरोने तिला धरलं. मी तिच्या अंगातलं जॅकेट काढून तशीच चिंकानाला गेले आणि डेल्फिनाला हाक मारली, नाव नीट, तिन्ही वेळा. या वेळी मागे वाजली ती हलकी, भराभर टाकलेली पावलं. जॅकेट घातल्यावर पोर पाणी प्यायली, आईला फोन लावला आणि तासभर रडली. तिला मधलं काहीच आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी होड्या सुरू झाल्या. डेल्फिना पिशवी पाठीवर चढवून दारात आली आणि हसत म्हणाली, "दोन्या, आज वारा कसा आहे? निघू ना?"

तळं शांत होतं. वारा अगदी सरळ होता.

"राहा," मी म्हटलं. "आजचा दिवस राहा."