कुरळ्या पानांचा काळा कोबी

एकाच बरणीतलं बी, एकाच दिवशी पेरलेलं, आणि वाफ्यात हे काय उगवलंय? अर्धी झाडं आमच्या बिनगड्ड्याच्या काळ्या कोबीसारखी, लांब, अरुंद, फोड आल्यासारख्या काळपट पानांची. उरलेली रुंद, निळसर, कडेला कुरळी. नोव्हेंबर लागला तरी मी आपली वाफ्यापाशी उभी राहून डोकं खाजवतेय.

माझ्याच वाफ्यात असतं तर गप्प बसले असते. पण इटलीतल्या लुक्का शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीची रीत अशी, की वसंतात एकाच घराने काळा कोबी फुलू द्यायचा. बाकी सगळ्यांनी कोबी-फ्लॉवरचे तुरे कळीतच खुडायचे आणि लसणावर परतून खायचे, म्हणजे मधमाशी इकडचा पराग तिकडे करून बी बाटवत नाही. मग त्या घराने नवं बी सगळ्यांना वाटायचं, आणि जुनं कोंबड्यांना घालायचं. यंदा पाळी माझी होती. आता घरोघरी हेच कुरळं कडबोळं, आणि जुना दाणा कुणाकडेच नाही. वाडीचा कोबी माझ्या हातून जाणार.

शेजारच्या नीवेसवर माझा संशय. तरातरा गेले.

"नीवेस, खरं सांग, एप्रिलमध्ये काय फुलवलंस?"

"मी? अगं एर्सिलिया, माझे तुरे तूच खाल्लेस की, माझ्याच स्वयंपाकघरात बसून! आधी आपल्या घरात बघ."

"आमच्या घरात काय बघू?"

"मला काय ठाऊक! पण मला चोर ठरवायला आलीस ना? चल, नीघ आता."

घरी नवरा, आमेरिगो, पांढरा घेवडा शिजवत होता. मी सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"फ्लॉवर होता एक," तो म्हणाला. "शेडमागे. थंडी लांबली, पेटीतल्या माझ्या मधमाश्या उपाशी होत्या गं. फुलू दिला."

"आणि मला नीवेसशी भांडू दिलंस?"

"तू मला विचारलंस कुठे?"

कपाळ माझं! ओरडू की हसू, तेच कळेना. डाव उगारला आणि तसाच खाली ठेवला. परत नीवेसकडे गेले, माफी मागितली. तिने तोंडाला येईल ते ऐकवलं, मग शाल ओढून माझ्याआधी बाहेर पडली. पुढची पाळी तिची होती ना.

"पानावर जाऊ नकोस," वाफा बघून ती म्हणाली. "दिसायला काळं आणि आतून फ्लॉवर, असंही असेल. चव बघू. माझ्या जिभेला कळेल."

पहिलं कडक हिव पडल्यावर शेजारणी जमल्या. मी काळ्या, अरुंद पानांच्या झाडांची पानं वेगवेगळी उकडली, आणि ताडून बघायला एका कुरळ्याचीही. लसूण चोळलेल्या भाजक्या पावावर ती घातली, वर यंदाचं नवं ऑलिव्हचं तेल. नीवेस डोळे मिटून खात होती. एकदोन तुकडे तिने तोंड वाकडं करून बाजूला सारले. मग एका तुकड्यावर थांबली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"हेच. माझ्या आईच्या हातचं. याचंच बी धरायचं."

ते कुरळं होतं.

"झाड दाखव," ती म्हणाली. मी दाखवलं.

"हे? काहीतरीच! हे कसं असेल?" तिने एक पान तोडून कच्चंच चघळलं. चेहरा आणखीच गोंधळला. बियाण्याची खूण म्हणून आणलेली लाल लोकर बराच वेळ हातात धरून बसली. मग शेजारच्या झाडाला बांधली. अरुंद, काळ्या पानांचं झाड, ज्याचा तुकडा तिने मघाशी बाजूला सारला होता.

"वाडी पान बघणार गं," ती म्हणाली. "माझी जीभ कोण बघणार?"

मी मान डोलावली. ती बरोबर बोलली का चूक, मला अजून कळत नाही. बी वाचलं म्हणावं, की आम्ही दोघींनीच ते घालवलं? लोकर बांधलेलं झाड मुळासकट तिच्या वाफ्यात फुलायला जाईल. बाकीच्या झाडांचे तुरे वसंतात रीतीप्रमाणे कळीतच खुडायचे. त्या कुरळ्याचेही. ते माझ्या वाफ्यात आहे, म्हणजे मलाच खुडायचे आहेत.