पुलाक्याचं गुपित

एकोणीसशे एकोणनव्वद साल. ऑकलंडला आमच्या लेकीचं, पासेमेताचं, पहिलं बाळंतपण होतं आणि तिला आम्ही दोघं हवे होतो. आमच्या बेटावरून कुठे जायचं तर व्हिसासाठी आधी फिजी गाठावं लागे. मी आणि माझा म्हातारा नवरा बोटीने तिथल्या राजधानीला, सुव्हाला पोचलो.

व्हिसाच्या कचेरीतल्या गोऱ्या बाईचं बोलणं आम्हाला उलगडून सांगायला सेलुका होता. आमच्याच बेटावरचा, शेजारच्या खड्ड्यावाल्याचा मुलगा. आमच्याकडे पाणथळ खड्ड्यात पुलाक्याचे कंद वाढवतात, आणि कंद मोठा कसा करायचा हे ज्याचं त्याचं घरचं गुपित.

"काका, बाई विचारतात, तिथून परत कशासाठी याल? गावी तुमचं काय आहे?"

म्हाताऱ्याने सेलुकाकडे रोखून पाहिलं. "काही नाही."

मी त्याला कोपर मारलं. "अरे, पुलाक्याचं सांग की."

"ह्याच्यासमोर? ह्याच्या आजाने जन्मभर आमच्या खड्ड्यात डोकावून पाहिलं."

"काका, मी आता नोकरदार माणूस. मला कंदाशी काय करायचंय?"

"बापाला सांगशील."

बाईने कागद बाजूला सारायला घेतले. नातवंडाचं तोंड दिसणार नाही, या भीतीने मी घाईघाईने सेलुकाकडे वळले.

"सेलुका, तिला सांग, याचं खरंच काही नाही," मी म्हटलं. "आम्ही तिकडेच राहू. पुलाका तुझा बाप सांभाळेल."

म्हातारा ताडकन उठला. "तो? माझ्या खड्ड्यात पाय ठेवून तर बघू दे! नातवंड पाहीन आणि मिळेल त्या बोटीने परत येईन. बापजाद्यांपासून आम्ही मुळाशी कुठली पानं कुजवतो, ते त्याला कळलं तर मी मेलोच." आणि रागाच्या भरात पानांचं नावही बोलून गेला.

सेलुकाने हसू दाबत सगळं सांगितलं. बाईने शिक्का मारला.

नातू झाला. म्हातारा बोलल्याप्रमाणे लगेच परतला, मी थोडी रेंगाळले. काही वर्षांनी गावजेवणाला सेलुकाच्या बापाचा कंद एवढा मोठा निघाला, की दोघांनी काठीला बांधून आणला. म्हाताऱ्याने माझ्याशी अबोला धरला, पण जेवला पोटभर.

आता म्हातारा आणि सेलुकाचा बाप, दोघेही देवाघरी आहेत. पासेमेता ऑकलंडलाच आहे, नातू तिथे नळांची कामं करतो. गेल्या नाताळात तो आला, तेव्हा त्याला खड्ड्यापाशी नेऊन मी कानात पानांचं नाव सांगितलं. सेलुका नोकरी संपवून गावी आलाय. पलीकडच्या आपल्या खड्ड्यात खणता खणता म्हणाला, "काकी, मोठ्याने सांगा. पोराला ऐकू गेलं नसेल."