पेशंट पायजे

"तुमी त्या खाटेवर जाऊन झोपले ना बाबा, तं मी उद्यापासून कॉलेजात पाय नाई ठेवणार."

मेघा दारात उभी होती. युनिफॉर्म घातलेला, केसाले पिना लावलेल्या. बाबा खाली बसून ब्रश टर्पेंटाईनमंदी धुऊन राह्यले होते.

"काऊन? बापाची लाज वाटते का?" मी म्हटलं.

"तू चूप बस अंकित. तुले काय समजते कॉलेजातलं."

"समजते ना. दवाखान्यातल्या खाटा रिकाम्या हायत अन् फी भरून घेतेत. एवढं समजते मले."

"बहिणीशी नीट बोल," बाबा म्हणाले. मंग मेघाकडे न पाहताच, "बेटा, एका दिवसाचं काम हाय. झोपाचंच तं हाय."

आई आतून म्हणाली, "घरी कधी दुपारी टेकले नाई, अन् आता झोपाचंबी काम भेटून राह्यलं."

बाबानं ब्रश फडक्याले पुसला.

मेघा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले होती. सरकारी कॉलेजात तिचा नंबर थोडक्यात हुकला, मंग वर्धा रोडवरच्या या प्रायव्हेट कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट भेटली. कोट्याच्या सीटले स्कॉलरशिप लागत नाई, हे आमाले सीट घेतल्यावर समजलं. पहिलं वर्ष कसंतरी निघालं. दुसऱ्याची अर्धी फी राह्यली होती, अन् ती भरल्याशिवाय परीक्षेले बसू देणार नव्हते. तेवढ्यात भैय्याजी घरी आला. भैय्याजी म्हणजे संस्थेच्या साहेबाचा खास माणूस, गेटपासून कॅन्टीनपर्यंत सगळं त्याच्याच हातात. कॉलेजची तपासणी करणारी टीम येणार होती अन् कॉलेजच्या दवाखान्यात पेशंटच नव्हते.

"प्रेमदास, तुमच्या नाचणगावातले माणसं गोळा कर," तो बाबाले म्हणे. "तू बी चाल. पोरीच्या परीक्षेचं मी पाहून घेतो."

ॲडमिशनच्या दिवशी मी काउंटरवरल्या बाबूले विचारलं होतं, एवढी फी काऊन हाय? तो म्हणे, सुविधा हायत ना. त्या सुविधा मी चांगल्या पाह्यल्या हायत, कारण त्या बिल्डिंगीले रंग आमीच मारला. समोर कारंजं, त्याले पाणी नाई. काचेचं गेट. मांगं दवाखाना, पाटीवर शंभर खाटांचा, आतमंदी कबुतरं. आमाले सांगतलं होतं, पुढच्या दोन वार्डाले रंग मारा, बाकीच्याइले कुलूप राहू द्या.

मी दहावीतच शाळा सोडली. फीपायी नाई. मास्तरनं सगळ्यायसमोर बापाचा धंदा काढला, मी त्याची पट्टी तोडून टेबलावर ठेवली अन् घरी आलो. तेव्हापासून बाबासंग भिंती घासतो. मेघाचं तसं नव्हतं. तिले शिकाचंच होतं.

तपासणीच्या दिवशी ती आमच्या आधीच बसनं निघून गेली. बाबानं गोळा केलेले आमी सगळे टेम्पोत.

दवाखान्यात भैय्याजीनं एकेकाले बिमारी वाटली. कोणाले टायफॉइड, कोणाले दमा. बायका कमी पडल्या तं आमच्या शेजारच्या सुलोचनाबाईले बाळंतिणीच्या वार्डात टाकलं.

"अरे बाबू," ती म्हणे, "माह्या नातवासाठी पोरगी पाहून राह्यले लोक, अन् तू मले आता लेकरू देतं का?"

"तोंडावर चादर घे मावशी, अन् भिंतीकडे पाहून झोप."

"अन् लेकराचा बाप कोण सांगू? तुहं नाव सांगू का?"

अख्खा वार्ड हासला. भैय्याजीबी हासला.

बाबाले अपेंडिक्सचं ऑपरेशन दिलं. पोटाले पट्टी, हाताले सलाईन. सुई आत नव्हती, नुसती चिकटपट्टीनं चिकटवली होती. मले निळा शर्ट देऊन वार्डबॉय केलं. बाबा आधी लाजले. मंग गादीवर पाठ टेकली तं डोळाच लागला त्याइचा. मीनं जाऊन उठवलं. घोरणारा पेशंट कसा दिसन?

टीम आली. एक साहेब, एक मॅडम. साहेब मोबाईलमंदीच होते. मॅडम मात्र खाटेखाटेजवळ थांबत होती. बाबाच्या खाटेजवळ थांबली. मांगं नर्सिंगच्या पोरी लाइनीत उभ्या होत्या. मॅडमनं वळून बोट केलं.

"तू सांग या पेशंटचं."

बोट मेघाकडे होतं.

मी झाडू धरून दारात उभा होतो.

"रामकृष्ण वानखडे," मेघा म्हणाली. खाटेवरच्या पाटीवर तेच नाव होतं. मंग वय सांगतलं, ऑपरेशन सांगतलं, औषधं सांगतली, ताप किती, नाडी किती. फडाफड. एकदाबी अडली नाई. बाबा असे पाहून राह्यले होते जशी ती स्टेजवर भाषण देऊन राह्यली.

"छान. पेशंटजवळ नातेवाईक कोण आहे?"

मेघा थांबली.

"कोणी नाही, मॅडम."

"कोणीच नाही?"

"नाही. एकटेच आहेत."

मॅडम बाबाकडे वाकली. "काका, खरंच कोणी नाही का तुम्हाला?"

बाबानं मान हालवली. नाई म्हून.

परत येताना टेम्पोत बाबा मले म्हणाले, "पाह्यलं का कशी बोलली ते? मॅडम छान म्हणाली तिले."

"ऐकलं."

"सगळ्या पोरीत तिलेच विचारलं."

"हो ना बाबा. ऐकलं मी."

मंग ते हातावरची चिकटपट्टी काढत बसले. पट्टीसंग केस निघत होते.

भैय्याजीनं शब्द पाळला. मेघाले परीक्षेले बसू दिलं. ती कॉलेजात पहिली आली, बाबानं पेढे वाटले. अन् तिसऱ्या वर्षाची फी लागली, ती दीडपट. वरून मागची अर्धी तशीच उभी.

मी अन् बाबा भैय्याजीकडे गेलो. तो ऑफिसच्या पायरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राह्यला होता.

"फी काऊन वाढली?" मी विचारलं.

"तपासणी चांगली झाली ना बे. दवाखाना भरून चालते, असं लिहून गेली टीम. दवाखाना चालते म्हणजे खर्च हाय. डॉक्टर, औषधं, पेशंटाचं जेवण. तो खर्च फी ठरवणाऱ्या सरकारी कमिटीले दाखवला, तं फी वाढवून भेटली. लय सोपं हाय."

"पेशंट तं खोटे होते."

"मंग जा, सांग त्याइले. तुह्या बापाचं नाव सांगजो. अन् कोणत्या पोरीनं खोटा पेशंट सांगतला, तेबी सांगजो."

मी त्याची कॉलर धरली. बाबानं मांगून माहा हात ओढला, एवढ्या जोरानं की खांदा दुखला.

"चाल घरी," म्हणाले.

रस्त्यानं ते सायकल हातात धरून पायीच चालले होते. लय दूर आल्यावर बोलले.

"म्हणजे मीनंच वाढवली का रे?"

मीनं त्याइच्या हातातली सायकल घेतली.

मेघानं कॉलेज सोडलं. आईनं रडून पाह्यलं, बाबानं घर विकतो म्हणून पाह्यलं. तिनं युनिफॉर्म धुतला, प्रेस केला अन् पेटीत ठेवून दिला. दुसरीकडे कुठी जावं, तं दहावी-बारावीचे ओरिजिनल मार्कशीट कॉलेजात अडकलेले. पूर्ण कोर्सची फी भरा अन् घेऊन जा म्हणतेत. आता ती पुलगावले कपड्याच्या दुकानात दिवसभर उभी राह्यते. बायकायले साड्या उलगडून दाखवते.

मांगच्या हप्त्यात भैय्याजीचा फोन आला. जसं काई झालंच नाई. समुद्रपूरकडे साहेबाच्या साळ्याचं नवं कॉलेज हाय, तिथंबी टीम येऊन राह्यली. "प्रेमदास, तुह्यासारखा पेशंट मले भेटला नाई. दोन-तीन ठिकाणी चाल, मंग साहेबाले बोलून मार्कशीट काढून देतो."

तो देईन का नाई, मले माहीत नाई. तिथंबी कोणाच्यातरी पोरीची फी वाढन, हे मात्र पक्कं माहीत हाय. बाबालेबी माहीत हाय. मी भांडलो तं म्हणाले, "आपल्या पोरीचे कागद तं सुटू दे आधी."

यावेळेस बाबाले हार्ट दिलं हाय. मले पाय मोडलेला केलं. सकाळपासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या बांधून बसलो हाय, म्हून हे लिहाले टाइम भेटला.

मेघानं आज दुकानातून सुट्टी घेतली. मले वाटलं, आता भांडन. भांडली नाई. बाबाले खुर्चीवर बसवलं अन् समोर खाली बसून सांगून राह्यली.

"दुखते का विचारलं, तं लगेच हो म्हणू नका. आधी थोडा दम घ्या. मंग इथून खांद्याकडे कळ जाते म्हणा."

बाबानं छातीवर हात ठेवला. मधोमधच ठेवला. मेघानं त्याइचा हात धरून जरासा डाव्या बाजूले सरकवला, अन् तसाच दाबून धरला. दोघंबी खाली पाहून राह्यले हायत.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारून राह्यला. मले आता निघा लागते.