नवमीला खोललेली गाडी

रहाटणीच्या सोपानरावांनी दुसरी मोठी लढाई संपल्यावर देहूरोडच्या लष्करी लिलावात एक जुनी पिकअप घेतली, आणि तेव्हापासून घरातली एकेक वस्तू तिच्या पोटात जाऊ लागली. छत गंजलं म्हणून परसातली बाभळ पाडून तिच्या फळ्या ठोकल्या. बैठक फाटली, तर छबूबाईंची बाज मोडून तिची लाकडं बसवली. पेट्रोलच्या टाकीला ठिगळ लावलं ते छबूबाईंच्या माहेरच्या पितळी ताटाचं. आता अशा नवऱ्यापुढे बायकोनं कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं?

खंडेनवमीला गाव कोयते, नांगर पुजायचं. सोपानरावांचं सगळंच जगावेगळं. ते इंजिनाचा कार्बोरेटर आणि प्लग काढायचे, रॉकेलनं धुऊन देवापुढे पाटावर मांडायचे. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पंचावन्न सालीही त्यांनी तेच केलं, आणि बाळंतपणाला आलेल्या लेकीला, अंबूला, त्याच दुपारी कळा सुरू झाल्या.

थोड्या वेळानं सुईण सोजराबाई बाहेर आली. “मूल आडवं हाय. पुण्याला न्या, आत्ताच.”

सोपानराव देवघराकडे धावले आणि उंबऱ्यात थबकले. मागं एकदा त्यांनी नवमीला पुजलेला पाना उचलला होता, आणि त्याच आठवड्यात थोरला मुलगा तापानं गेला. आज हात लावला आणि अंबूचं काही झालं तर? ते अंगणात गेले, बॉनेट उघडलं, मिटलं, परत आले. बैलगाडी जुंपू म्हणाले. ती पोचेपर्यंत रात्र झाली असती. अंबू ओरडली की पाटापर्यंत जायचे, पण हात पुढं होईना. अर्धा तास या येरझाऱ्यांत गेला.

शेवटी छबूबाईंनी पदर खोचला आणि पाटावरचा कार्बोरेटर उचलून त्यांच्या हातात कोंबला. “मी उचललाय. काय व्हायचं ते माझं होऊ दे. बसवा.”

मग मात्र सोपानरावांचे हात भराभर चालले. हँडल तिसऱ्यांदा फिरवल्यावर इंजिन धडधडलं.

अंबू वाचली. मूल गेलं. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दसऱ्याच्या सकाळी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, “आबा, एवढा उशीर कशानं झाला?”

छबूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “जुनी गाडी, बाई. तिचं काय सांगावं.”

गाडीला कुणी एक शब्द बोललं तरी भांडायला उठणारे सोपानराव खाली बघत म्हणाले, “व्हय. चालूच होईना.”