मधल्या हवेतली डोलकाठी

देवगडच्या धक्क्यावरून बैलगाडीने आलेलं सामान दाजीने अंगणात उतरवलं, गोणपाट उसवलं, आणि त्याचं डोकं जे गरगरलं ते पुढे आठ दिवस ताळ्यावर आलं नाही.

होडी आली म्हणून अर्धं मिठबाव अंगणात जमलं होतं. होडी म्हणजे काय, हे या गावाला शिकवायला कोणाची गरज नाही. पण गोणपाटातून निघालं काय? दोन लांबोडकी, अरुंद, वरून फळीने गच्च बंद केलेली धुडं. एकीसारखी एक, जुळ्या बहिणीच म्हणा. शिवाय दोन जाड आडव्या तुळया, एक उंच काठी, एकाच्या जागी दोन सुकाणं, पितळी भोकांचं जाड चौकोनी कापड, आठ पातळ पट्ट्या, दोऱ्यांचं भेंडोळं आणि एक शीड. त्या शिडाला चक्क खिसे शिवलेले!

"ह्यात होडी खंय आसा?" दाजीने विचारलं. कोणाला विचारलं ते देव जाणे.

"दोन पाठवल्यान पुतण्यान," गंगू म्हणाली. गंगू म्हणजे दाजीची बायको. तिची जीभ कोयत्याहून धारदार. "एक तुका, एक माका. पण बसतलास खंय? वरसून बंद आसा ती. माशासारखो आत भरान घेतलस काय?"

लोक हसले. दाजी हसला नाही. गोणपाटाला शिवलेली चिठ्ठी त्याने तिसऱ्यांदा वाचली. 'काका, ही एकट्याने चालवायची होडी आहे. एका साहेबाने जुनी म्हणून दिली. जोडायची रीत आयेच्या पत्रात लिहिली आहे. सत्यवान.'

सत्यवान हा दाजीचा पुतण्या, विलायती मालबोटीवर खलाशी. त्याचा बाप काशीराम, दाजीचा थोरला भाऊ. गोवा मोकळा झाला त्या साली काशीराम दाजीच्याच होडीतून समुद्रात पडला आणि सापडला नाही. होडीत दोघेच होते. परत आला तो एकटा दाजी.

आता आमच्या गावाची रीत ऐका. दर्याने माणूस नेला की होडीवाल्याला कोणी काही बोलत नाही. पण ज्या घरचा माणूस गेला, त्या घरची बाई जोवर तोंडाने 'याचा दोष नाही' म्हणत नाही, तोवर त्याच्या होडीत दुसरा कोणी पाय ठेवत नाही. काशीरामची बायको, सत्यवानची आये यशोदा, ते म्हणाली नाही. दोष आहे असंही म्हणाली नाही. ती दाजीशी बोलायचीच बंद झाली. एकाच घराची दोन बिऱ्हाडं, मध्ये कुडाची भिंत, आणि दोन वर्षं त्या भिंतीपलीकडून दाजीला एक शब्द आला नाही. आमच्याकडची उलांडीची होडी, म्हणजे तोल धरायला बाजूला ओंडका जोडलेली, एकट्याने चालत नाही. एक सुकाणावर, दुसरा शिडाच्या दोरीला, आणि वारा वाढला की त्यातलाच एक उलांडीवर वजन द्यायला. दाजीला जोडीदार मिळेना. होडी विकावी लागली. दर्याचा माणूस दोन वर्षं लोकांची जाळी विणत किनाऱ्यावर बसला.

म्हणून ही होडी जोडली गेली तर दाजी पुन्हा दर्यात जाणार होता, नाहीतर कायमचा जाळी विणत बसणार होता. इतकी सरळ गोष्ट होती.

त्याने गंगूला पत्र मागायला पलीकडे धाडलं. ती पाच मिनिटांत परत आली.

"पत्र इला नाय, म्हणता. खोटा बोलता ती."

"वयनी खोटा बोलाची नाय," दाजी म्हणाला.

"मगे बस कपाळ धरून!"

तो खरंच कपाळ धरून बसला. एक धूड उजवीकडे ठेवून बघितलं, डावीकडे ठेवून बघितलं. तुळया आडव्या लावल्या, उभ्या लावल्या. काठी हातात घेऊन अंगणात उभा राहिला तेव्हा शेजारचा म्हातारा म्हणाला, "गुढी उभारतस काय रे?" शेवटी दसऱ्याला चार दिवस राहिले आणि दाजीने दाऊद मेस्त्रीला बोलावलं.

दाऊद मेस्त्रीने आयुष्यात पन्नास होड्या बांधल्या होत्या. 'माका म्हायत नाय' हे तीन शब्द मात्र त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. त्याने दोन्ही धुडांवर टिचक्या मारल्या, आवाज ऐकला, दाढी खाजवली.

"ही होडी," एकीवर हात ठेवून तो म्हणाला, "आणि ही तिची उलांडी."

"उलांडी इतकी मोठी?"

"विलायतेचे लोक जाडे. तेंची उलांडी पण जाडी."

दाजीच्या जिवात जीव आला. अहो, बरोबरच की! एक होडी, बाजूला उलांडी, दोन तुळयांनी जोडलेली. चांभाराच्या नजरेला चप्पल दिसावी तशी आता त्याला त्यात आपली होडी दिसली. तुळया खाचांत बसल्याही झकास. मग डोलकाठी.

"ही ऱ्हवतली खंय?" दाजीने विचारलं. पुढच्या तुळईच्या बरोबर मध्यावर एक लोखंडी वाटी होती आणि काठीच्या बुडाला लोखंडी गोळा. दाजीने ते दोन्ही पाहिलं. "मेस्त्री, हयसर तर नसात?"

"मधल्या हवेत?" दाऊद भडकला. "खाली होडी नाय, काय नाय, आणि डोलकाठी हवेत उभी करतलस? तुझ्या आज्यान खंय उभी केल्यान? माझ्या आज्यान? डोलकाठी होडीत ऱ्हवता. ती वाटी कंदील ठेवची आसा."

"पण होडीक भोक नाय."

"मगे मी कित्याक इलंय?"

दाऊदने सामता, म्हणजे दोरीने फिरवायचा गिरमिट, घेतला, बंद फळीवर टेकवला आणि दोरी ओढायला लागला. काहीतरी चुकतंय असं दाजीला वाटत होतं, पण काय चुकतंय ते सांगता येईना, आणि सांगता येत नाही ते दाऊद मेस्त्रीसमोर बोलणार कोण? फळीला भोक पडलं. आतून परक्या लाकडाचा, रंगाचा कोंडलेला वास बाहेर आला. पटाशीने भोक मोठं केलं, काठी आत उतरवली, तीन बाजूंनी दोरांनी ताणली. उभी राहिली हो!

उरलेल्या सामानाचा निकाल गंगूने लावला. चौकोनी कापडावर तिने सुंगटां, म्हणजे कोळंबी, सुकत घातली. आठ पट्ट्या कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकल्या. शिडाच्या खिशांत काय घालायचं ते कोणालाच कळेना. दुसरं सुकाण जास्तीचं म्हणून माळ्यावर गेलं. बसायला दाजीने तुळयांवर एक फळी बांधली.

दसऱ्याला गाव किनाऱ्यावर आला. यशोदा आली नाही. होडीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, दाजीने कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि उलांडी म्हणवणाऱ्या दुसरीला नुसतं पाणी शिंपडलं. होडी पाण्यात ढकलली. शीड फुगलं. आणि ती पन्नास पावलं अशी सुसाट गेली की लोकांनी टाळ्या पिटल्या.

मग ती कलली. सगळा वारा एकाच बाजूला, सगळं वजन एकाच बाजूला. उलांडी पाण्यातून वर उचलली गेली आणि होडीची नाळ पाण्यात घुसली. दाजी सुकाण दाबतोय तर ती उलटीच वळते. लाट वरून गेली, डोलकाठीच्या भोकातून गटगट आत उतरली, आणि पोकळ पोट भरत गेलं. होडी भोवऱ्यासारखी दोनदा फिरली आणि एका अंगावर बसली. दाजी गळ्याइतक्या पाण्यातून चालत बाहेर आला.

कोणी हसलं असतं तर परवडलं असतं. कोणी हसलं नाही. दोर बांधून चार जणांनी होडी मुकाट ओढून वर आणली. जाता जाता एक बाई दुसरीला म्हणाली, "दर्याक तो नको झालोहा." दाजीने ते ऐकलं. इतकी लाज त्याला काशीरामच्या तेराव्यालाही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन किनाऱ्यावर गेला. होडीतलं पाणी अजून निथळत होतं. पहिला घाव कुठे घालावा तेही त्याला ठरवता येईना. धड बांधता येत नाही, धड मोडता येत नाही, असं कसं झालं आपलं?

"भावजी, कुराड खाली ठेवा."

दाजी वळला. यशोदा उभी होती. दोन वर्षांत पहिला शब्द, आणि तो हा. तिच्या हातात निळं पाकीट होतं.

"पत्र इल्ला. म्हयनो झालो," ती म्हणाली. "मास्तरांकडसून वाचून घेतलंय. चित्र पण काढल्यान तेणा."

दाजीने कागद घेतला. सत्यवानने सगळं काढून दाखवलं होतं. दोन होड्या, दोन्ही सारख्या, दोन्ही खऱ्या. उलांडी नावाची वस्तूच नाही. मध्ये ताणून बांधलेलं कापड, त्यावर बसलेला एक माणूस, दाजीसारखाच मिशीवाला. सुकाणं दोन, एका काठीने जोडलेली. पट्ट्या शिडाच्या खिशांत. आणि डोलकाठी बरोबर मध्यावर, वाटीत, हवेत.

दाजीला राग यायला हवा होता. आला का? त्याला कळेना.

"कित्याक लपवल्यात, वयनी?"

"माका वाटला, जोडूक जमली नाय तर जाव्चे नाय तुमी. तर चुकीची जोडून गेल्यातच." तिने पदर तोंडाशी नेला. "तो गेलो. तुमी पण गेल्यात तर मी रागवतलंय कोणार?"

दाजीने कुऱ्हाड वाळूत टाकली.

दाऊद मेस्त्रीला निरोप गेला. त्याने चित्र उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं, आणि म्हणाला, "मी म्हणत होतंय, ती वाटी मोठी दिसता कंदिलाक." एवढ्यावर त्याने आपली चूक संपवली. पण सागाची गुडदी, म्हणजे भोकात ठोकायचं बूच, तासून, राळ आणि कापूस ठोकून भोक असं बुजवलं की बोट फिरवून कळू नये. त्यासाठी तीन दिवस राबला आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. गंगूने कापडावरची सुंगटां सुपात ओतली, पट्ट्यांसाठी खुराडं मोडलं आणि कोंबड्यांच्या नावाने गावाला शिव्या घातल्या. कापडाला सुंगटांचा वास लागला तो लागलाच.

मग किनाऱ्यावर पुन्हा जोडणी. कागद वाळूवर, त्यावर दगड. दोन होड्या, दोन तुळया, माळ्यावरून उतरवलेलं सुकाण बांबूने पहिल्याला जोडलेलं. कापडाच्या पितळी भोकांतून दोरी नागमोडी ओवत, ताणत, गुडघा लावून पुन्हा ताणत. बोट मारलं तर ढोलकीसारखं वाजलं पाहिजे, असं सत्यवानने लिहिलं होतं. वाजलं. काठीचा गोळा वाटीत ठेवला तेव्हा दाजीने डोळे मिटून घेतले. उघडले तर डोलकाठी हवेत उभी होती, दोन होड्यांच्या मध्ये, खाली नुसती वाळू. दोर ताणल्यावर ती तसूभर हलेना. दाजीला अजूनही ते पटत नव्हतं, पण उभी होती हे खरं.

भरती लागली होती. वारा बेताचा. लोक जमले, पण लांबच उभे राहिले. "बस रे," दाऊद म्हणाला, "आता तुका कोणाची गरज नाय."

दाजीने शिडाची दोरी हातात घेतली आणि तो तसाच उभा राहिला. कोणाची गरज नाही! दोन वर्षं ह्याच्यासाठी तडफडला होता, आणि आता पाय उचलेना.

तेवढ्यात यशोदा लोकांतून पुढे आली. चपला वाळूत काढल्या, लुगडं सावरलं, आणि सगळ्यांच्या देखत त्या कापडावर जाऊन बसली. दोन वर्षांत दाजीच्या होडीत दुसऱ्या कोणी पाय ठेवला तो हा पहिलाच.

"सांगा आता," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"त्या दिसा काय झाला ता. सगळ्यांनी सांगल्यानी माका. तुमी सांगूक नाय."

दाजी तिच्यासमोर वाळूत बसला. सुचलं तसं बोलला. "वारो वाढलो. दादा उलांडेर गेलो. मी म्हटलंय, दादा, आजून फुडे हो. मीच म्हटलंय, वयनी. तो फुडे झालो आणि पाय सरकलो. मी उडी मारलंय. गावलो होतो माका. सदरो धरलंय तेचो. लाट इली, आणि सदरो हातात ऱ्हवलो."

"नुसतो सदरो?"

"नुसतो सदरो."

"खंय आसा तो?"

"माझ्या ट्रंकेत. धुवूक नाय कोणाक दिलंय."

यशोदा रडली. दोन वर्षांत तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. ती मोठ्याने, तोंड न झाकता रडली, आणि दाजीही रडला, आणि दाऊद मेस्त्री उगाच एका दोराची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला. बऱ्याच वेळाने ती उठली. लुगड्याची वाळू झटकली.

"माका दिया तो सदरो," ती म्हणाली.

"आत्ता हाडतंय," म्हणून दाजी घराकडे वळला.

"आत्ता नको." तिने होडीच्या कडेला हात लावला आणि ती पाण्याकडे ढकलायला लागली. "आदी जावन येवा. मगे दिया."