भिंतीपलीकडचा जिना

सकाळी साडेसहाला भिंतीपलीकडचा रेडिओ लागला नाही. हात्सुए शिगेनोने चहाचा पेला खाली ठेवून भिंतीला कान लावला. रेडिओवरच्या रोजच्या कवायतीचा पियानो नाही, खोकला नाही.

नऊ वाजता वसाहतीचं कार्यालय उघडलं, तेव्हा तिने फोन केला.

"नाव काय त्यांचं?" कारकुनाने विचारलं.

"माहीत नाही."

"आजी, शेजारी ना तुमचे?"

"भिंतीचे शेजारी. जिना वेगळा."

चौदा नंबरच्या इमारतीला पाच जिने होते. प्रत्येक मजल्यावर जिन्यापुढे दोनच दारं. जिने जोडणारा व्हरांडा कुठल्याच मजल्यावर नव्हता. समोरच्या सेगावाबाईंशी हात्सुएची लोणच्याची देवाणघेवाण होती. वसाहतीच्या सूचना लावलेली फळी जिन्यातल्या दहा घरांत हातोहात फिरे. भिंतीपलीकडचा माणूस दुसऱ्या जिन्याचा. छत्तीस वर्षं तिने त्याचा खोकला ऐकला होता. बाजारात तो शेजारून गेलाही असेल, ओळखणार कशी?

"दुपारी येतो," कारकून म्हणाला.

ती अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरली, अंगणातून बारा पावलं चालली आणि अठ्ठेचाळीस पायऱ्या चढली. दारावर 'वाकुई' अशी पाटी होती. तिने दोनदा घंटा वाजवली. समोरचं, 'ताबुची' पाटीचं दार उघडलं.

"विकायला आलात की धर्म सांगायला?" ताबुचीबाईंनी विचारलं. "दोन्ही नको."

"मी भिंतीपलीकडची. शिगेनो."

ताबुचीबाई बघतच राहिल्या.

"अगं बाई, जिवंत आहात!"

"मोतीबिंदू काढला. चार दिवस दवाखान्यात होते. काल संध्याकाळी आले."

"आणि म्हाताऱ्याने इथे माझं डोकं खाल्लं! पलीकडचा सहाचा नळ वाजला की हे उठणार. नळ वाजत नाही, नळ वाजत नाही. शेवटी म्हटलं, जाऊन बघा ना मग. काल दुपारी गेले."

"परत आले?"

"दार लावलं की कोण बघतं हो."

हात्सुए पुन्हा उतरली, पुन्हा चढली. सेगावाबाई कपडे वाळत घालत होत्या.

"हो, आले होते कुणी म्हातारबाबा. तुमचं दार वाजवत होते. म्हटलं, दवाखान्यात आहेत. कुठल्या, विचारलं. मी म्हटलं, स्टेशनपलीकडच्या दवाखान्यात असतील."

"मी तर नदीकाठच्या दवाखान्यात होते."

"तुम्ही सांगितलं होतं का मला?"

हात्सुएने जमिनीवर पडलेला चिमटा उचलून त्यांच्या हातात दिला.

दोन वाजता कारकुनाने वाकुईंचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. अंथरुणाची घडी घातलेली. उंबऱ्याशी जोडे नव्हते, काठी नव्हती. त्याने पोलिसांना फोन केला.

पाच वाजून दहा मिनिटांनी वसाहतीतल्या खांबांवरचे भोंगे बोलू लागले. हात्सुएने खिडकी उघडली. बाईचा आवाज सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून सांगत होता. ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. उंची एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. राखाडी कोट, हातात काठी. काल दुपारी चार वाजता स्टेशनजवळच्या दुकानात रुग्णाला भेटायला न्यायची फळांची परडी बांधून घेताना दिसले होते. त्यानंतर दिसलेले नाहीत.